बाहेरून लावलेलं कुलूप

आमच्या वर्गातल्या मुलांना हवामान बदलावर निबंध लिहायला सांगितला की बहुतेक वह्यांमधून एक पांढरं अस्वल निघतं. ते बर्फाच्या तुकड्यावर उभं असतं आणि तुकडा वितळत असतो. गुजराती शहरातल्या लिंबायत वस्तीच्या मराठी शाळेत, पंखा फिरतोय की नाही हे वर बघूनच कळावं अशा वर्गात, मनगटाच्या घामाने ओल्या झालेल्या कागदावर ही मुलं बर्फाचं वर्णन करतात. बर्फ त्यांनी पाहिलेला असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. याच मुलांना 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहायला दिला तर त्यात अस्वल येत नाही. त्यात खाडी येते, गॅसचा बाटला माळ्यावर चढवणं येतं, दप्तर पंख्याला टांगणं येतं, आणि घरमालकाच्या जिन्यात बसून खाल्लेली बिस्किटं येतात.

हे दोन्ही निबंध एकाच गोष्टीबद्दल असू शकतील, असं मी एकदा वर्गात सुचवून पाहिलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, हवामान बदल परीक्षेला येतो. खाडी घरी येते." वर्ग हसला. मीही हसले आणि पुढचं पान उघडायला सांगितलं.

प्रत्येक पुराचं खापर आभाळावर फोडणाऱ्यांबद्दल मला पहिल्यापासून शंका आहे. खाडीच्या काठावर भराव टाकून ज्यांनी प्लॉट पाडले, त्यांना तसं करायला हवामानाने सांगितलं नव्हतं. पण मी इथे नोकरीला लागले तेव्हा खाडीची भीती श्रावणात वाटायची. आता खाडी जूनमध्येही चढते, आणि महिनाभर कोरडं गेल्यावर एका दुपारी कुठल्याही सूचनेशिवाय उंबऱ्यात उभी असते. मोठी माणसं याला 'यंदा जरा जास्तच' म्हणतात. दर वर्षी म्हणतात. मुलांना मात्र याआधीचं काही आठवत नाही. त्यांच्यासाठी पाणी हे असंच असतं.

ज्या मुलीबद्दल लिहायचं आहे ती आठवीतली. कुटुंब धुळ्याकडचं. वडील बमरोलीला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आई रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायला. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती आणि भांडण हिंदीत, अशी तिची व्यवस्था होती. गेल्या दिवाळीनंतर ही मंडळी बमरोली सोडून गोडादऱ्याला आली होती, खाडीपासून जवळच, तळमजल्यावरच्या एका खोलीत.

तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चावी असायची. शाळेत गळ्यात काही घालायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी एकदा ती काढायला सांगितली. तिने चावी मुठीत घेतली.

"ही नाही काढता येणार, बाई. आत पप्पा आहेत."

मला आधी काही उमजलं नाही. मग तिने सांगितलं, आणि सांगताना तिचा सूर असा होता की एवढं साधं बाईंना कसं माहीत नाही. लूमची पाळी बारा तासांची. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दोन घास खातो आणि झोपतो. पण दिवसा गल्लीत झोप मिळणं सोपं नसतं. दार दिसलं की कोणीतरी वाजवतं: वर्गणीवाले, भंगारवाले, चेंडू आत गेला म्हणणारी मुलं, गावाहून सहज म्हणून आलेले पाहुणे. आतून कडी लावली तर हे सगळे जास्तच जोरात वाजवतात, कारण आतून कडी म्हणजे आत माणूस आहे. म्हणून लूमवाल्यांच्या घरांत शेवटी बाहेर पडणारा बाहेरून कुलूप लावून जातो. कुलूप असलेलं दार कोणी वाजवत नाही. पाळी दर पंधरवड्याला बदलते, त्यामुळे आज कुलपामागे माणूस आहे की खोली रिकामी, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. कळू नये हाच तर हेतू.

आई सकाळी लवकर मार्केटला जायची, त्यामुळे शेवटी बाहेर पडणारी ही मुलगी. दुसरी चावी कुठे असते, असं मी विचारलं.

"घरात. खिळ्याला."

म्हणजे कुलपाच्या आतल्या बाजूला. तिलाही ते कळत होतं. बोलता बोलता तिने चावी परत फ्रॉकच्या आत सरकवली.

पावसाळा लागल्यापासून रात्रपाळीच्या पंधरवड्यात तिचं वर्गात लक्ष नसायचं. पण ती खिडकीबाहेरच्या ढगांकडे बघत बसलेली मी कधी पाहिली नाही. आमच्याकडे खाडीचं पाणी आमच्या आभाळातून येत नाही. ते बारडोली, पलसाण्याकडून येतं. इथे लख्ख ऊन असतं आणि खाडी चढत असते. बारडोलीला साखर कारखान्याजवळ तिची मावशी राहते. रोज सकाळी आईच्या फोनवरून मावशीला विचारायचं, तिकडे किती, आणि मावशीच्या सुरावरून दिवस कसा जाणार ते ठरवायचं. तिच्या बाकावरच्या मैत्रिणी तिला 'वेधशाळा' म्हणायच्या. वेधशाळेने तोंड पाडलं की डबा आधीच खाऊन घ्यायची त्यांची पद्धत होती.

अशात एका स्पर्धेचं आमंत्रण आलं. शहराच्या श्रीमंत अंगाला, एका मोठ्या हॉलमध्ये शाळकरी मुलांची वक्तृत्व स्पर्धा. विषय, मुलांच्या नजरेतून पृथ्वीचं भविष्य. आमंत्रणपत्रिका जाड, गुळगुळीत, आत आणखी एक सोनेरी कागद, आणि तळाशी कागद वाचवण्याची विनंती. आमच्या मुख्याध्यापकांनी या मुलीचं नाव दिलं, कारण तिचा आवाज खणखणीत होता. भाषण त्यांनीच लिहिलं. त्यात अस्वल होतंच. खाडीवर बोललं तर चालेल का, असं तिने विचारून पाहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, तिथे मोठी माणसं येणार आहेत, आपल्या वॉर्डाच्या तक्रारी कशाला सांगायच्या.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी ती शाळेच्या फाटकात आली ती वळून परत जाण्याच्या तयारीनेच. मावशीकडे रात्रभर ओतत होतं आणि वडिलांची रात्रपाळी होती. तिला यायचं नव्हतं. वर आभाळ निळं, रस्ता कोरडा. मुख्याध्यापकांनी हात वर करून तिला आभाळ दाखवलं, जणू ती इतके दिवस दुसरीकडेच बघत होती. रिक्षा ठरलेली होती. मी तिला घेऊन निघाले.

हॉलमध्ये दाराशीच भाड्याने आणलेल्या कुंड्या होत्या, डेकोरेटरच्या चिठ्ठ्यांसकट. प्रत्येक खुर्चीवर पाण्याची प्लास्टिकची बाटली. पडदे ओढलेले, दारं बंद आणि थंडी अशी की आमच्यासारख्या शाळांतली मुलं हातांच्या घड्या घालून कुडकुडत होती. निबंधातल्या अस्वलाला मानवेल अशी जागा मला तिथे प्रथमच दिसली. प्रमुख पाहुणे अजून पोचले नव्हते. ते पाण्यात अडकले आहेत, असं एक स्वयंसेवक दुसऱ्याला सांगत होता. माइकवरून मात्र 'ट्रॅफिक' सांगण्यात आलं.

पाहुणे येण्याआधीच स्पर्धा सुरू करावी असं ठरलं. एकामागून एक मुलं येऊन पृथ्वीला आई म्हणून गेली. आमची मुलगी माझ्या शेजारी बसून थोड्या थोड्या वेळाने विचारत होती, बाहेर काय आहे. पडद्यामुळे मलाही दिसत नव्हतं. एकदा मी उठून पडदा सरकवून पाहिलं आणि ऊन आहे म्हणून सांगितलं. त्याने तिचं काही समाधान झालं नाही, आणि व्हायचं कारणही नव्हतं.

तिच्या आधी दोघं उरले होते तेव्हा माझा फोन थरथरला. तिची आई होती.

"बाई, पोरगी कोठे शे?"

मग तिने स्वतःला सावरून मराठीत सांगितलं. गल्लीत पाणी शिरलं होतं. कुणीतरी काढलेला फोटो मार्केटमधल्या एका बाईच्या फोनवर आला होता, त्यात त्यांचं दार दिसत होतं, दाराला कुलूप आणि पाणी उंबऱ्याच्या वर. नवरा झोपताना फोन बंद करतो. तिने वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला लावला. शेजारीण घाईत म्हणाली, तुमचं बरं आहे, घरी कोणी नाही, आणि फोन तुटला. त्यानंतर गल्लीतला एकही फोन लागत नव्हता. ती मार्केटमधून निघाली होती. पण चावी तिच्याकडे नव्हती.

मी फोन ठेवला तोवर मुलगी उभी राहिली होती.

"पाणी?"

मी हो म्हटलं. ती दोन वर्षांत माझ्याशी कधी घरच्या भाषेत बोलली नव्हती. आता बोलली, आणि मोठ्याने बोलली. "बाई, पप्पा घरमा शे. चावी मनाजोडे शे." पप्पा घरात, चावी तिच्याजवळ.

मागच्या रांगेतल्या एका इंग्रजी शाळेच्या मुलांना त्या भाषेचं हसू आलं. स्टेजवरचा मुलगा क्षणभर थांबला आणि मग हिमनद्यांकडे वळला.

दाराशी एकसारखे हिरवे टी-शर्ट घातलेले स्वयंसेवक होते. पाहुण्यांची गाडी फाटकात आली आहे, ते आले की हरित शपथ आणि फोटो आहे, तोवर कोणाला सोडायचं नाही, अशी त्यांना सूचना होती. त्यांनी आयोजकांना बोलावलं. आयोजक कापडाचे मोठे व्यापारी, गळ्यात हिरवं उपरणं, वागायला सभ्य. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत म्हणाले, "बेन, पाच मिनिट. शपथ थई जाय, फोटो थई जाय, पछी मारी गाडी मोकलुं." शपथ आणि फोटो झाले की स्वतःची गाडी द्यायला ते तयार होते.

पाच मिनिटं नाहीत, असं मी म्हटलं. एक माणूस कोंडला गेला आहे.

"कोणे लॉक कर्यो?"

प्रश्न रास्त होता. मी मुलीकडे पाहिलं आणि त्यांनीही पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेले नाही. हवामानावर बोलायला आलेली मुलगी बापाला कोंडून आली आहे, हे त्यांना काही केल्या जुळवता येईना. फायर ब्रिगेडला फोन करा, त्यांनी सुचवलं. मी तोच करत होते. पलीकडून एक दमलेला आवाज म्हणाला की बोटी निघाल्या आहेत, पत्ता सांगा, आणि घरात माणूस आहे याची खात्री आहे ना, कारण बंद घरांसाठी आता वेळ नाही. मी खात्री आहे म्हणाले, पत्ता सांगितला. त्याने लिहून घेतला की नाही देव जाणे.

मान वळवली तर मुलगी माझ्या शेजारी नव्हती. स्टेजच्या बाजूच्या एका अरुंद दारातून तिची वेणी आत जाताना दिसली. मी मागे धावले. ते दार स्वयंपाकघरात निघत होतं. खमणाची ताटं भरत असलेल्या बायकांमधून आम्ही मागच्या अंगणात आलो, तेव्हा माइकवर तिचं नाव आणि शाळेचं नाव पुकारलं जात होतं.

बाहेर कडकडीत ऊन होतं. रिक्षावाल्याला गोडादरा म्हटल्यावर तो नको म्हणाला, परवत पाटियाच्या पुढे जाणार नाही असंही म्हणाला, आणि मग मुलीकडे पाहून त्याने मीटर पाडला. उधना दरवाजापर्यंत शहर रोजच्यासारखं होतं. लोक चहा पीत होते. सिग्नलला माणसं भांडत होती. मुलगी पुढच्या दांडीला धरून बसली होती आणि मधूनच, मला म्हणून नव्हे, बोलत होती. पाणी आधी दारातून येत नाही, मोरीतून येतं. पप्पा खाली गादीवर झोपतात. लूमच्या आवाजाने त्यांचा एक कान गेला आहे. झोपताना ते चांगला कान उशीत दाबून झोपतात, म्हणजे गल्ली ऐकू येत नाही. खिडकीला जाळी आहे. दार लोखंडी. विजेचा बोर्ड खिडकीच्या खाली.

"बोर्ड किती खाली?" मी विचारलं.

तिने हाताने रिक्षाच्या सीटची उंची दाखवली. आईचा मधे एकदा फोन आला. ती वाटेत अडकली होती आणि बस पुढे जात नव्हती.

परवत पाटियाच्या पुढे रस्ता संपला आणि पाणी सुरू झालं. आधी घोट्याएवढं, गढूळ, वर तेलाचा तवंग आणि कारखान्यांतून वाहत आलेल्या चिंध्या. आम्ही उतरलो. मी चपला हातात घेतल्या आणि पुढे कुठेतरी टाकल्या. गल्लीच्या तोंडाशी पाणी माझ्या कमरेच्या वर आणि तिच्या छातीशी होतं. वीज बंद केलेली होती, हे कळलं तेव्हा मला निदान एक श्वास घेता आला. गच्च्यांवर माणसं उभी होती. सगळे एकमेकांना हाका मारत होते. खाली तीन-चार पोरं ट्रकच्या टायरची ट्यूब घेऊन म्हाताऱ्यांना पलीकडे नेत होती.

मुलीने त्यांना आपलं दार दाखवलं. त्यातला एक म्हणाला, "तिथं कुणी नाही, कुलूप आहे. आम्ही दोनदा जाऊन आलो त्या बाजूने."

"कुलूप मी लावलंय," ती म्हणाली.

पोराने आधी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. चावी दे, आम्ही जातो, असं तो म्हणाला. ती चावी द्यायला तयार होईना. हातातून निसटली तर, एवढंच ती परत परत म्हणत होती. शेवटी त्यांनी तिला ट्यूबवर घेतलं आणि मी भिंतीला धरून मागे गेले. पायाखाली काय होतं ते कळत नव्हतं, पायऱ्या, विटा, कुणाचा तरी मिक्सर. दाराचा वरचा निम्मा भाग तेवढा पाण्याबाहेर होता. कडी आणि कुलूप पाण्याखाली. तिने दोरा गळ्यातून न काढता वाकून चावी खाली नेली, त्यामुळे तिची हनुवटी पाण्याला टेकली. एका पोराने तिला मागून धरलं. आत काही आवाज नव्हता. तिने हाक मारली नाही. मीही मारली नाही. उत्तर आलं नाही तर काय, ही भीती दोघींनाही होती असं मला वाटतं.

कुलूप उघडलं ते आम्हाला दिसलं नाही. तिच्या खांद्यांवरून कळलं. पोरांनी दार ओढलं, पाण्यामुळे ते हळूहळू, जड होऊन आलं.

वडील स्वयंपाकाच्या ओट्यावर उभे होते. पाणी त्यांच्या गुडघ्यांना लागत होतं, डोकं छताला आणि हातात टेबलफॅन. पाठ ओली झाल्यावर त्यांना जाग आली होती. बोर्डावरचं बटण त्यांनी लाकडी चमच्याने पाडलं होतं. त्यानंतर त्यांनी दार वाजवलं, ओरडले, घसा बसेपर्यंत ओरडले. समोरच्या गच्चीवरच्यांनी ते ऐकलंही होतं, पण तेव्हा सगळी गल्लीच ओरडत होती.

त्यांनी मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बसलेल्या आवाजात विचारलं, "शाळा सुटनी का?"

तिने त्यांच्या हातातला पंखा घेतला आणि ट्यूबवर ठेवला. मग तिचे दात वाजायला लागले, आणि पुढचा बराच वेळ ते थांबले नाहीत.

पाणी उतरलं तसा गाळ राहिला. गाळ उपसून झाला तशी लूम सुरू झाली, आणि लूम सुरू झाली तशी रात्रपाळीही. मुलगी शाळेत आली नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. दाराला कुलूप नव्हतं. ती उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती आणि वर्गणीवाल्यांना ओठांवर बोट ठेवून परत पाठवत होती. आत वडील जागेच होते.

घरातल्या भांडणाचा तपशील मला आईने सांगितला. मुलगी कुलूप लावायला तयार नव्हती. चावी तिने मोरीजवळच्या डब्यात टाकून दिली होती आणि म्हणाली होती, ज्याला लावायचं त्याने लावावं. शेजाऱ्यांना सांगून ठेवायचा मार्ग होता, पण शेजाऱ्यांना सांगितलं की गल्लीला कळतं आणि गल्लीला कळलं की दार वाजतं. आतून कडीचं तेच. खोली बदलायची तर वरच्या मजल्याचं भाडं वेगळं.

वडिलांनी मला बसायला स्टूल दिलं. त्यांचे डोळे लाल होते. लूमवर उभ्या माणसाला दिवसा झोप झाली नाही, तर रात्री त्याचा हात कुठे जाईल सांगता येत नाही, असं ते म्हणाले. त्यांच्या खात्यातल्या, म्हणजे कारखान्यातल्या, एकाची बोटं अशीच गेली होती. "पाणी वर्षातून एकदा येतं, बाई. झोप रोज लागते."

"एकदा नाही," मुलगी उंबऱ्यातूनच म्हणाली. "तुमच्या वेळी एकदा यायचं. आता कधीपण येतं. आणि पुढे अजून येणार आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच शाळेत घातलंय ना."

वडिलांना हसू आलं, ते खोकल्यासारखं निघालं. मला मात्र तिच्या वाक्याने अडचणीत टाकलं. आम्ही हे सगळं तिला शिकवलं होतं, तक्त्यांसकट. शिकवताना आमची अपेक्षा अशी की मुलांनी ते खरं मानावं, पण त्याप्रमाणे वागू नये. वागली तर हजेरीचं काय.

मी तिला शाळेत यायला सांगायला गेले होते. बरंच बोलून झाल्यावर ती म्हणाली, येईन, कुलूपही लावीन, पण एक अट आहे. वर्गात मी उभी राहिले तर मला विचारायचं नाही. तोंडाने नाही आणि डोळ्यांनी पण नाही. मी उठेन आणि जाईन. मावशीचा फोन तुमच्या फोनवर येईल, तो तुम्ही मला द्यायचा, तास चालू असला तरी.

"आणि पाणी आलंच नाही तर?"

"तर परत येईन."

वडील तोवर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले होते. तोंड उघडं, चांगला कान खांद्याला दाबलेला. आम्ही दोघी हळू आवाजात बोलायला लागलो.

मुख्याध्यापकांना ही अट ऐकवली, तेव्हा त्यांनी पालकांच्या सहीचा अर्ज मागितला, प्रत्येक वेळचा वेगळा. मी बरं म्हटलं आणि अर्ज मागितला नाही. वर्गात मात्र सांगणं भाग होतं. मी सगळी हकीकत न सांगता एवढंच म्हटलं की ही मुलगी मध्येच उठून गेली तर कोणी काही बोलायचं नाही, आणि सहज, तास सुरू करता करता विचारलं की अशी गरज आणखी कोणाला आहे का.

मग खिडकीजवळच्या एका मुलाने हात वर केला. शर्टाच्या आतून त्याने चावी काढून दाखवली. त्याच्या मागच्या मुलीने कंपासपेटी उघडली, तिची त्यात होती. तिच्या पलीकडे आणखी एक. मी दोन वर्षं या वर्गाला शिकवत होते. मागच्या बाकावरच्या एकानेही हात वर केला, तेव्हा शेजारी त्याला म्हणाला, "तुझे पप्पा दिवसपाळीला जातात, गणिताला घाबरून उगाच उठू नको." वर्ग हसला. त्याने हात खाली घेतला आणि तोही हसला. बाकीच्यांचे हात वरच होते.

पुढच्या रात्रपाळीच्या पंधरवड्यात एका सकाळी तास चालू असताना बारडोलीहून फोन आला. मी तो मुलीच्या हातात दिला. तिने ऐकला, परत दिला, दप्तर तिथेच ठेवून उठली. बाकीच्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तेही उठले. बाहेर ऊन होतं. मैदानात कुठल्यातरी वर्गाची कवायत चालू होती. मुख्याध्यापक खोलीच्या दारात आले आणि मुलांच्या पाठीकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. मी उरलेल्या वर्गाकडे तोंड केलं आणि शिकवू लागले. काय शिकवत होते ते मला सांगता येणार नाही. मुलांनाही येणार नाही. आम्ही सगळे बाहेरचं ऐकत होतो.

त्या दिवशी पाणी आलं नाही. खाडी पुलाखाली तुडुंब भरून वाहिली आणि संध्याकाळी खाली गेली. चारही घरांतल्या बापांच्या झोपेचं वाटोळं झालं, आणि त्यातल्या एकाने पोराला दोन ठेवूनही दिल्या, असं कळलं.

दुसऱ्या दिवशी मुलं आली. मागच्या बाकावरून 'वेधशाळा फेल' असं कोणीतरी पुटपुटलं. ती मुलगी वळली नाही. माझ्याकडे मात्र तिने पाहिलं आणि मी तिच्याकडे पाहण्याच्या आत फळ्याकडे वळले. डोळ्यांनीही विचारायचं नाही असं ठरलं होतं. आदल्या दिवशीचा धडा मी पहिल्या ओळीपासून परत सुरू केला.